गिटारवाल्याचं काय काम?

झाकीरभाई गेले त्या आठवड्यात काका आमच्याकडे राहायला आले होते. डिसेंबर २०२४. ज्याच्या त्याच्या फोनवर तेच कुरळे केस, तेच हसू आणि चहाची ती जुनी जाहिरात फिरत होती. भाच्यानं सकाळी टीव्हीवर 'शक्ती'ची, म्हणजे झाकीरभाई आणि गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या संचाची, एक मैफल लावली. काकांनी उपम्याची बशी मांडीवर घेतली आणि आवाज वाढवायला सांगितला. काका डोंबिवलीच्या एका भजनी मंडळात आयुष्यभर पेटी वाजवत आले आहेत. तबला आणि घटम्, म्हणजे दक्षिणेतलं वाजवायचं मडकं, यांची बोलाचाली सुरू झाली तेव्हा त्यांचा उजवा हात आपोआप बशीच्या काठावर चालू लागला. व्हायोलिनला त्यांनी 'वा' दिली. शंकर महादेवनांनी तार सप्तकात जाऊन सूर धरला तेव्हा डोळे मिटले. आणि मग, डोळे मिटलेलेच ठेवून, म्हणाले, "अगं, तबला कळतो, घटम् कळतो, व्हायोलिनही कळतं. पण हा गिटारवाला खालून सारखं काय सरकवतोय?"

भाचा हसला. मीही हसले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण काकांनी नेमकं तेच ऐकलं होतं जे आम्ही दोघं, स्वतःला जॅझचे जाणकार समजणारे, गृहीत धरून बसलो होतो. गायक एका रागात, एका षड्जावर, म्हणजे एकाच 'सा'वर बसलेला. तानपुरा तो षड्ज हलू देत नाही, तेच त्याचं काम. आणि बाजूला पांढऱ्या केसांचा हा सडपातळ इंग्रज दर दोन-चार मात्रांनी खालचे सूर बदलतोय. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा सुरांचा घोस, बदलतोय. गायकाचा गंधार तोच, पण खाली मध्यमावरची कॉर्ड आली की तो गंधार वेगळाच भासतो, थोडा पोरका. कोमल धैवतावरची आली की एकदम गहिवरलेला. मूर्ती तीच ठेवायची आणि मखर मात्र दर ओळीला बदलायचं, असा हा प्रकार. ज्याचा जन्म एका मखरात एकाच मूर्तीकडे तासन्‌तास बघण्यात गेला, त्याला याचा त्रास होणारच. काकांची तक्रार अडाण्याची नव्हती, कान तयार असलेल्या माणसाची होती.

गंमत म्हणजे ही तक्रार एकेकाळी काकांच्याच वाद्याबद्दल केली जायची. पेटीतून मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, लागत नाहीत, तिचे सूर साहेबाच्या मापानं कापलेले, म्हणून १९४० पासून पुढची तीसेक वर्षं आकाशवाणीनं पेटीला दारातच उभं केलं होतं. इकडे महाराष्ट्रात मात्र गोविंदराव टेंब्यांपासून पेटीची परंपरा उभी राहिलेली, नाट्यसंगीत तिच्याशिवाय सुचतही नव्हतं. आणि कॉर्डचं म्हणाल तर मुंबईच्या स्टुडिओंतून गोवेकर वादकांनी ती आपल्या कानात कधीच उतरवून ठेवली आहे. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा हिंदी सिनेमा, असं जगलेली ही माणसं. राग भैरवीतल्या गाण्याखाली व्हायोलिनांचा ताफा कसा पसरायचा हे त्यांनी ठरवलं, आणि आपण ते तसंच गुणगुणत मोठे झालो. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी तर १९५८ साली सेंट झेवियर्सच्या चौकात राग आणि सिंफनी यांना एकत्र बसवायचा मोठाच घाट घातला होता. काका स्वतः भजन संपवताना भैरवीच्या शेवटी सा, ग, प एकदम दाबतात, कोमल गंधार जपून. त्यांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "ते शेवटी असतं गं, मधे नाही." आणि त्यात तथ्य आहे.

म्हणून मी पुढचे कितीतरी दिवस जॉन मॅकलॉफ्लिन नव्यानं ऐकत बसले, फक्त हे शोधायला की हा माणूस खालून करतो काय.

माझी त्याच्याशी पहिली ओळख काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधली. कॉलेजात असताना तिथं उभं राहून कॅसेटच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचणं हा फुकटातला छंद होता. 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' हे नाव बघून मला वाटलं भजनंबिजनं असतील. घरी येऊन लावली तर कपाटाची काच थरथरायला लागली. पनामात जन्मलेला बिली कॉबम ड्रम बडवतोय, झेकोस्लोव्हाकियातून आलेला यान हॅमर कीबोर्डवर, आयर्लंडचा रिक लेअर्ड बासवर, शिकागोचा जेरी गुडमन व्हायोलिनवर, आणि मधोमध पांढऱ्या कपड्यांत, दोन मानांची गिटार गळ्यात घालून हा यॉर्कशरचा मुलगा. १९७१ ते १९७३, जेमतेम अडीच वर्षं चाललेला हा संच. मात्रांचा हिशेब दहा, चौदा, एकोणीस असा काहीही. आवाज विमानतळाला लाजवेल असा. त्यातली कसरत आजही थक्क करते, पण खरं सांगायचं तर अर्ध्या तासानंतर मी थकते. सगळेच एकसुरात, एकाच वेगात, एकमेकांच्या अंगावर धावून जाताहेत, आणि श्वास घ्यायला कुणालाच सवड नाही. भाच्याला मात्र तेच आवडतं. वय विसाच्या आत असेल तर ते आवडायलाच हवं.

पण त्या गोंगाटाच्या दोन वर्षं आधीची एक गोष्ट आहे, आणि मला वाटतं हा माणूस कळायचा असेल तर ती आधी ऐकावी. १९६९च्या फेब्रुवारीत सत्तावीस वर्षांचा मॅकलॉफ्लिन न्यूयॉर्कला आला, ड्रमवादक टोनी विल्यम्सच्या नव्या संचात वाजवायला. आल्या आल्या जॅझचा बडा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनं त्याला स्टुडिओत बोलावलं. समोर ज्यो झाविनुलची रचना, कागदावर कॉर्डची गर्दी. माइल्सनं ती गर्दीच काढून टाकली आणि त्याला म्हणाला, गिटार वाजवता येत नाही असं समजून वाजव. मॅकलॉफ्लिननं हा किस्सा पुढे अनेकदा सांगितला आहे. घाम फुटला होता म्हणे. मग त्यानं शिकाऊ पोर पहिल्या दिवशी धरतं ती 'ई'ची कॉर्ड धरली आणि तिच्यावर चाचपडत, एकेक सूर ठेवत चाल वाजवली. टेप चालू होती हे त्याला माहीतच नव्हतं. 'इन अ सायलेंट वे' या रेकॉर्डवर तेच वाजवणं आहे. एका कॉर्डवर उभं राहायचं आणि तिथून हलायचं नाही. काकांना ते ऐकवलं असतं तर त्यांनी तक्रार केली नसती.

हलणं आणि न हलणं, या दोन गोष्टी त्या माणसात तेव्हापासून भांडत असाव्यात. नाहीतर जगातल्या सगळ्यात कर्कश संचाचा नायक, तिकीटबारीवर चलती असताना, कनेक्टिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठात जाऊन डॉ. एस. रामनाथन यांच्यासमोर वीणा शिकायला कशाला बसला असता? वीणा त्यानं पुढे वाजवली नाही. गिटारच वाजवायची, हे त्याचं पक्कं होतं. पण मग गिटारला वीणेचं थोडं काहीतरी द्यायला हवं, असं त्यानं ठरवलं. गिटारची अडचण साधी आहे. पट्टी सपाट, तारा तिच्या जवळ, बोट दाबलं की ते लाकडाला टेकतं आणि सूर पडद्यापाशी बांधला जातो. सतारीवर तार बाजूला खेचून चार-पाच सुरांची मींड काढता येते, वीणेवर दोन पडद्यांमधल्या पोकळीत तार दाबून-खेचून गमक, म्हणजे सुराचा हेलकावा, काढता येतो. गिटारवर तसं करायला जागाच नाही. तेव्हा गिब्सन कंपनीत असलेल्या अब्राहम वेक्टर नावाच्या कारागिरानं त्याच्यासाठी दोन पडद्यांमधलं लाकूड खरवडून खोलगट केलं. शिवाय गिटारच्या पोटावर, मुख्य सहा तारांच्या खालून तिरक्या जाणाऱ्या सात जादा तारा बसवल्या, आपल्या सतारीच्या तरफांसारख्या, हव्या त्या सुरात लावायच्या आणि मधेच बोटानं झंकारायच्या. म्हणजे तानपुरा वाद्याच्या आतच आणून बसवला.

ही गिटार घेऊन तो जमिनीवर मांडी घालून बसला. १९७५ साली. उजव्या-डाव्या बाजूला झाकीर हुसेन, एल. शंकर, विक्कू विनायकराम. पहिल्या रेकॉर्डवर मृदंगम्‌ला आर. राघवन. ड्रम नाहीत, विजेची गिटार नाही, भिंतीएवढे स्पीकर नाहीत. चार वर्षांपूर्वी काचा फोडायला निघालेला माणूस मातीच्या मडक्याशेजारी बसला होता, आणि त्याच्या जुन्या चाहत्यांची निराशा व्हायची ती झालीच. तीन रेकॉर्ड निघाल्या आणि १९७७ नंतर संच पांगला.

त्या पहिल्या 'शक्ती'बद्दल बोलताना सगळे पूर्व आणि पश्चिम असं म्हणतात. मला त्यातली जास्त अवघड गोष्ट उत्तर आणि दक्षिण ही वाटते. मुंबईत राहणाऱ्याला हे लगेच कळेल. दादर आणि माटुंगा यांच्यात लोकलच्या एकाच स्टेशनाचं अंतर. दादरला मैफल, पलीकडे षण्मुखानंद सभागृहाच्या बाजूला कचेरी, म्हणजे दक्षिणेकडची मैफल. माझ्या लहानपणी इकडचे तिकडे जात नसत आणि तिकडचे इकडे येत नसत. आमच्या वाडीतल्या रसिकांना भीमसेनजींची प्रत्येक बैठक तारखेसह पाठ, पण एम. एस. सुब्बुलक्ष्मींपलीकडे दक्षिणेतलं एक नाव सांगता येत नसे. ताल मोजायची पद्धत वेगळी, गमक घ्यायची वेगळी, दाद द्यायचीसुद्धा वेगळी. अशा वेळी माहीमचा तबलजी आणि मद्रासचा घटम्‌वादक कायमचे एका सतरंजीवर बसले ते एका यॉर्कशरच्या माणसाच्या बोलावण्यावरून. अल्लारखाँसाहेबांना दक्षिणेतल्या तालांचं फार कौतुक होतं, त्यामुळे झाकीरभाईंच्या कानावर ते घरातच पडलेलं. तरी रोज उठून समोरासमोर बसायला निमित्त लागतं. बाहेरच्याला आपली भांडणं माहीत नसतात, त्याचा असाही उपयोग.

पुढे १९९७ नंतर 'रिमेंबर शक्ती' म्हणून हा संच पुन्हा उभा राहिला, तेव्हा आधी हरिप्रसादजींची बासरी आली, मग यू. श्रीनिवास यांचं मँडोलिन, मग चेंबूरचे शंकर महादेवन. तमिळ घर, लहानपणी हातात वीणा, आणि गाण्याचे संस्कार आपल्या श्रीनिवास खळ्यांचे. हे मला फार सुखावतं. मोनॅकोत राहणाऱ्या जॅझवाल्याच्या संचात जो गळा फिरतो, त्यात खळेकाकांची एखादी वळणदार जागा कुठेतरी असणारच. विक्कूजींच्या जागी त्यांचा मुलगा सेल्वगणेश बसू लागला. कंजिऱ्यासारख्या तळहाताएवढ्या वाद्यातून तो जे काढतो ते ऐकताना मॅकलॉफ्लिनचा चेहरा बघावा. स्वतः वाजवायचं राहून जाईल की काय असं वाटावं, इतका तो रमतो. श्रीनिवास २०१४ मध्ये गेले, पंचेचाळिसाव्या वर्षी. त्या मँडोलिनची जागा तशीच कुणी भरली नाही. पुढे गणेश राजगोपालन यांचं व्हायोलिन आलं आणि संचाचा रंग बदलला.

मराठी माणसाला अजून एक धागा जवळचा वाटेल. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मॅकलॉफ्लिननं तिघांचाच एक संच केला, त्यात तालवाद्यांना त्रिलोक गुर्टू. शोभा गुर्टूंचा मुलगा. ठुमरी-दादऱ्याच्या घरात वाढलेला हा मुलगा ड्रमसेटपुढे स्टूल न घेता गुडघ्यावर बसतो, हाताशी तबला, आणि शेजारी पाण्याची बादली. झांजेसारखी थाळी वाजवून ती पाण्यात बुडवली की सूर वाकतो, खाली घसरतो. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधल्या १९८९च्या मैफलीची रेकॉर्ड आहे, तीत हे सगळं ऐकू येतं. दोघं तोंडानं बोल म्हणू लागतात, कोन्नक्कोल, 'तकधिमि तकजुणु', आणि गिटार खाली ठेवलेली असते. या बोलांवर मॅकलॉफ्लिनचा इतका जीव की सेल्वगणेशबरोबर त्यानं त्याचे धडेच चित्रित करून ठेवले. कुठलंही वाद्य वाजवणाऱ्यानं आधी हे तोंडात बसवावं असा त्याचा आग्रह. त्याच्या अलीकडच्या 'फोर्थ डायमेन्शन' संचातही ड्रमला मुंबईचाच माणूस, सितारादेवींचा मुलगा रणजित बारोट. आई कथकच्या तोड्यांवर जगलेली, मुलगा ते बोल तोंडानं म्हणत ड्रमवर उतरवतो.

आता सगळ्यात गाजलेल्या रेकॉर्डबद्दल. ५ डिसेंबर १९८०ची सॅन फ्रान्सिस्कोतली रात्र, तीन गिटार: मॅकलॉफ्लिन, पाको दे लुसिया, अल दि मेओला. जगभरातली गिटार शिकणारी पोरं याच रेकॉर्डवर वाढली. प्रेक्षक प्रत्येक वेगवान तानेला किंचाळतात, आणि ते किंचाळले की हे तिघं अजून जोरात पळतात. आपल्याकडे सवाल-जवाबात तबल्याच्या प्रत्येक तिहाईला टाळ्या पडायला लागल्या की सतार कुठे गेली ते कळत नाही, तोच प्रकार इथेही होतो. मला त्यात पाको ऐकायला आवडतो. बाकी दोघांच्या हातात पिक, म्हणजे तार छेडायची चकती, हा एकटा नुसत्या बोटांनी वाजवणारा. स्पेनच्या फ्लामेंकोत मुरलेला, पण जॅझच्या कॉर्डवर ऐनवेळी चाल सुचवायची सवय नसलेला. त्या दिवसांत आपल्याला किती जड गेलं हे त्यानं पुढे मोकळेपणानं सांगितलं होतं. ऐकताना ते कळतंही: मधेच एखाद्या जागी तो थबकतो, आणि मॅकलॉफ्लिन खालून ठेक्याची कॉर्ड जरा ठळक धरतो, इथून जा म्हणून. दोन क्षणांचं काम. टाळ्या त्याला पडत नाहीत.

हेच मला शोधायचं होतं. तो खालून काय करतो याचं बरंचसं उत्तर अशा जागांत आहे. एकल वादनात तो जितका बडबड्या, तितकाच साथीला अबोल. बासरीच्या संथ आलापाखाली त्याची कॉर्ड येते ती तीन सुरांची, कधी दोनच सुरांची. त्यातला षड्ज बहुधा गाळलेला, कारण तो तानपुऱ्यानं दिलेलाच आहे. कित्येकदा कॉर्ड पुरी होण्याआधीच तो हात उचलतो. माइल्सनं त्या स्टुडिओत काढून टाकलेल्या कागदावरच्या गर्दीचा धडा त्याला अशा वेळी आठवत असेल का, कोण जाणे.

पण २०२०ची 'इज दॅट सो?' ही रेकॉर्ड ऐकली की मी निम्मी काकांच्या बाजूला जाते. त्यात शंकर महादेवन रागात गातात आणि मॅकलॉफ्लिन गिटारला सिंथेसायझर जोडून खाली पश्चिमी हार्मनीचा मोठा पट अंथरतो. या कामावर त्यानं काही वर्षं खर्ची घातली. हेतू उघड आहे: राग एका षड्जावरून उचलायचा आणि बघायचं, तो तरतो का. काही ठिकाणी तरतो, इतका की अंगावर काटा येतो. ओळखीचा सूर अनोळखी उजेडात दिसतो. काही ठिकाणी मात्र खालचा पट इतका गोड आणि इतका सलग होतो की गायकाच्या मींडेतलं जे धारदार असतं, सुरापर्यंत पोचतानाची जी ओढ असते, ती बोथट होते. वेदना होती तिथं वातावरणनिर्मिती उरते. तिथं झाकीरभाईंचा तबला आला की बरं वाटतं, कारण तो काही झाकत नाही. मला वाटतं राग हा कॉर्डला भीत नाही, सलगपणाला भितो. कॉर्ड येऊन गेली, मधे रिकामी जागा राहिली, की राग पुन्हा स्वतःच्या पायावर उभा राहतो. ती रिकामी जागा त्या १९९७च्या बासरीबरोबरच्या ध्वनिमुद्रणात भरपूर आहे, आणि इथं कमी.

माणूस थांबत मात्र नाही. २०१७ साली हाताच्या संधिवातामुळे त्यानं अमेरिकेचा निरोपाचा दौरा केला. पंचाहत्तरी झाली होती, कुणाला आश्चर्य वाटलं नाही. पुढच्याच वर्षी त्याच्या एका एकल वादनाला ग्रॅमी मिळालं. मग २०२३च्या जानेवारीत, एक्याऐंशीव्या वर्षी, 'शक्ती'च्या १९७३ पासून मोजलेल्या पन्नाशीनिमित्त तो मुंबईत होता, आणि त्याच वर्षी निरोप घेतलेल्या अमेरिकेतही. 'धिस मोमेंट' ही त्या वेळची रेकॉर्ड म्हणजे १९७७ नंतर या संचानं स्टुडिओत केलेलं पहिलं काम. २०२४च्या फेब्रुवारीत तिला ग्रॅमी मिळालं. त्या रात्री झाकीरभाईंच्या हातात एकूण तीन ग्रॅमी होती. दहा महिन्यांनी ते गेले.

ज्यांनी 'शक्ती' ऐकली नाही त्यांना भाचा तीन गिटारवाली रात्र पाठवतो. मी त्यांना १९९७च्या इंग्लंड दौऱ्यातली तासाभराहून लांब अशी एकच रचना पाठवते, बासरी-गिटार-तबला-घटम्‌ची, आणि बरोबर एवढंच लिहिते: घाई नसेल तेव्हाच लावा, हेडफोन घाला, आणि बासरी चालू असताना बासरी ऐकू नका.